वगळलेले अकरा सोमवार

मिलिंद, आज तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला उभं केलं. जयपूरच्या प्रताप नगरातला तो हॉल, पांढऱ्या कपड्यांतली रेल्वेची माणसं, पुढे टेबलावर फुलं आणि मधोमध तुझा फोटो. फोटोत तू टाय लावलेला! सहा वर्षं शेजारच्या टेबलावर बसून मी तुला कधी टाय लावलेलं पाहिलं नाही. क्षणभर वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या कार्यक्रमाला आलो आहोत. त्रिसरण, पंचशील झालं, एकेक जण उठून बोलला आणि मग कुणीतरी माझं नाव पुकारलं.

मी बोलले रे. तू कष्टाळू होतास, हसतमुख होतास, कुणाला नाही म्हणायचा नाहीस. गेलेल्या प्रत्येक माणसाबद्दल जे बोलतात ते सगळं बोलले. खाली बसले तेव्हा शेजारच्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बहुत अच्छा बोला आपने." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण बोलायचं होतं ते वेगळंच होतं. समोर पहिल्या रांगेत तुझी आई बसली होती आणि तिच्याकडे बघून ते बोलायची माझी हिंमत झाली नाही.

गेल्या मंगळवारी सकाळी साडेआठला तुझ्या फोनवरून मला फोन आला. मी उचलल्या उचलल्या म्हणाले, "आज तरी वेळेवर येणार का महाराज?" पलीकडे तुझी आई होती. "अश्विनी, पोरी, लवकर ये. मिलिंद उठून नाई रायला." कूलरमध्ये पाणी भरायला तू वाकलास, बादली उचललीस आणि तिथेच बसलास. बसलास म्हणजे पडलासच. मी पोचेपर्यंत बादली तशीच आडवी पडलेली होती आणि ओल्या फरशीवरून शेजाऱ्यांच्या चपलांचे ठसे जिन्यापर्यंत गेले होते. एकोणचाळीस वर्षांचा माणूस कूलर भरताना मरतो का? मी अजून कुणालाही हेच विचारते आहे.

पण मला उत्तर माहीत आहे. दुपारीच कळलं होतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात ती तरुण डॉक्टरीण बाहेर आली. पोस्टमॉर्टेम झालं होतं. तिने तुझ्या आईला, काकूंना, विचारलं, "माताजी, इनको पसीना बहुत आता था क्या? सिरदर्द? कभी चेहरा एकदम सफेद पड़ जाता था?" काकू हिंदीत "हाँ, हाँ" म्हणत राहिल्या. मग ती म्हणाली की डाव्या मूत्रपिंडाच्या वर गाठ होती, लिंबाएवढी. पक्का अहवाल यायला वेळ लागेल, पण तिला तरी तेच कारण दिसतं आहे. वाकल्यावर गाठ दाबली गेली असणार, रक्तदाब एकदम चढला असणार.

ती गाठ कसली, हे तिने मला समजावून सांगायची गरजच नव्हती, मिलिंद. आपण प्रयोगशाळेतून पाठवलेल्या पेपरचं पहिलं वाक्य त्या गाठीबद्दल आहे. ते मीच लिहिलं आहे.

काकूंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "एवढी मोठी गाठ, अन् कोनालेच कसं नाई कळलं गं?" मी त्यांना पाणी आणून दिलं.

*

मी साताऱ्याहून इथे आले तेव्हा जयपूरच्या प्रयोगशाळेत मराठी ऐकू येईल असं स्वप्नातही नव्हतं. पहिल्याच दिवशी मी फोनवर आईशी तावातावाने बोलत होते, इथले लोक भाजीतही साखर घालतात की काय वगैरे. फोन ठेवला तर मागे तू. म्हणालास, "साखर नाही घालत. मतलब, आमच्या घरी तर नाही." मी ओशाळले. तुझे वडील मूर्तिजापूरचे, रेल्वेत गार्ड, बदली होऊन आले आणि इथेच राहिले. तू वाढलास रेल्वे कॉलनीत. तुझं मराठी हिंदीच्या कुबड्या घेऊन चालायचं, पण दुसऱ्या दिवशी डब्यात माझ्यासाठी वेगळी भाकरी आणि बेसन आलं आणि सहा वर्षं येतच राहिलं. पहिल्या थंडीत मी कुडकुडत होते तेव्हा काकूंची रजई आणून दिलीस. डेंग्यू झाला तेव्हा सोडाला चौकाच्या त्या गर्दीतून मला स्कूटरवर मागे बसवून नेलंस आणि वाटभर बडबडत राहिलास, मी झोपून पडू नये म्हणून. यातलं एकही तिथे उभं राहून सांगता आलं नाही. हसतमुख होतास म्हणे!

आपलं काम काय, ते तू काकूंना एकदा ताटावरच समजावून सांगितलं होतंस. मला आजवर कुठल्या परिषदेत तितकं सोपं सांगता आलेलं नाही. आपण रेणूंच्या वाट्या बनवतो. शरीरात नसलेल्या, माणसाने बनवलेल्या, डोळ्याला न दिसणाऱ्या. वाटीत आधी एक रंग बसवून ठेवतो. तो आत बसलेला असतो तोवर अंधार. लघवीच्या थेंबात आपल्याला हवा तो पदार्थ असेल तर तो वाटीत शिरतो, रंगाला बाहेर काढतो आणि बाहेर पडलेला रंग दिव्याखाली हिरवा चमकतो. हवा तो पदार्थ म्हणजे ॲड्रिनॅलिनचा उरलासुरला चुरा. एरवी तो अगदी थोडा असतो. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीला ती गाठ झाली की खूप वाढतो. मोठी चाचणी करायची तर दिवसभराची लघवी कॅनमध्ये साठवून दूर पाठवावी लागते. आपल्याला एका थेंबात हिरवा उजेड हवा होता. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे घरच्याले उठोते अन् पाहुन्याले बसोते. आपल्या घरासारखंच हाय." तू इतका हसलास की तुला ठसका लागला.

वाटी क्रमांक तीन तुझी. पहिल्या दोन माझ्या होत्या आणि त्या काहीच धरत नव्हत्या. तिसरीच्या काठाला तू पाहुण्याला धरून ठेवणारे, रेणूंचेच दोन हात लावलेस, दीड महिना ते स्फटिक पडायची वाट पाहिलीस आणि पडले तेव्हा बाटली उजेडात धरून मला नुसतं दाखवलंस. पहिल्याच चाचणीत ती अशी चमकली की मी खुर्चीतून उठले. पेशंटच्या नमुन्यांत चमकली. नुसत्या पाण्यात गप्प राहिली. आणि मग सोमवारी तुझ्या नमुन्यात चमकली.

ही आपली सोमवारची पद्धत. आठवड्याची सुरुवात निरोगी नमुन्यांनी करायची, म्हणजे वाटी विनाकारण उजळत नाही ना ते कळतं. आणि निरोगी माणसं शोधायला कशाला जायचं, आपण दोघं होतोच. नोंदवहीत मी 'नि-१' आणि तू 'नि-२'. तू फॉर्म भरलास तेव्हा 'कोणताही आजार नाही' या रकान्यापुढे इतकी मोठी खूण केलीस की ती शेजारच्या रकान्यात गेली. मी त्यावरून तुला बोललेसुद्धा.

त्या सोमवारी नि-२ हिरवा. पुढच्या सोमवारी काहीच नाही. त्याच्या पुढच्याला पुन्हा हिरवा, पहिल्यापेक्षा जास्त. मी म्हणाले, वाटी लहरी आहे. नको त्या पदार्थाला आत घेते आहे. मग मी तुझ्या खाण्यावर उठले. चहा बंद केला. केळी बंद केली. खोकल्याचं औषध बंद केलं. सोडाल्याची कचोरीसुद्धा बंद केली, तिचा काय संबंध होता देव जाणे. तू सगळं ऐकलंस. तिसऱ्या आठवड्यात रिकाम्या डब्याकडे बघत म्हणालास, "चहा नाही, केळं नाही, कचोरी नाही. मतलब, जगू का नको मी?" आणि मी म्हणाले, "पेपर जाईपर्यंत नको."

असं म्हणाले होते मी. हे वाक्य आता माझ्या डोक्यातून कसं काढू?

तुला घाम यायचा. जयपूरच्या उन्हाळ्यात कुणाला येत नाही? पण तुला दिवाळीतही यायचा, शर्ट पाठीला चिकटलेला असायचा, आणि मी तुला रुमाल फेकून मारायचे. तुझं डोकं दुखायचं. मी म्हणायचे, अंधाऱ्या खोलीत दिव्याकडे बघून दुखतं. संस्थेच्या तपासणीत एकदा तुझा रक्तदाब भलताच निघाला. दहा मिनिटांनी परत मोजला तर ठीक. आपण दोघांनी एका सुरात सांगितलं, मशीन खराब आहे. यंत्रावर संशय घ्यायची आपल्याला इतकी सवय की माणसाकडे बघायचं सुचलंच नाही. ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. तुझी आई, तुझा शेजारी, कोपऱ्यावरचा पानवाला, कुणालाही तो हिरवा उजेड दाखवला असता तर त्याने एवढंच विचारलं असतं की याला काही झालंय का. आपण दोघं शिकलेले. आपण वाटीला दोष दिला.

आपण म्हणायचा मला अधिकार नाही. तू नाही दिलास.

तू म्हणाला होतास, "अश्विनी, तिला काहीतरी दिसतंय." मी म्हणाले, "काय दिसणार? तू निरोगी आहेस." तू म्हणालास, "आणि नसलो तर?" मी नोंदवहीतून मान वर न काढता म्हणाले, "नसलास तर माझा एक निरोगी नमुना कमी होईल. ते मला परवडणारं नाही." तू हसलास. खरंच हसलास का रे? मी पाहिलंच नव्हतं.

पेशंटचे सगळे नमुने आपण मोठ्या चाचणीला पाठवायचो, पडताळून घ्यायला. तुझा एक पाठवला असता तर चार दिवसांत कळलं असतं. पण निरोगी नमुने पाठवायचे नाहीत असा आपलाच नियम होता. निरोगी माणसाचं काय पडताळायचं? हा नियम मीच केला होता आणि त्याचा मला अभिमानही होता, वेळ वाचतो म्हणून.

ज्या ज्या सोमवारी नि-२ चमकला, त्या त्या सोमवारपुढे मी लाल पेनाने 'वगळले' लिहिलं. अकरा वेळा. मग तुला सांगितलं की वाटीचा एक हात आखूड कर. तू चार दिवस वाद घातलास. हात आखूड केला तर खऱ्या पेशंटमध्येही उजेड कमी पडेल म्हणालास. पडला तर पडू दे, आलेख तरी सरळ येईल, असं मी म्हणाले. पाचव्या दिवशी तू ॲप्रन चढवलास आणि म्हणालास, "ठीक आहे, अश्विनीजी." वाटी क्रमांक चार तुझ्यासाठी कधीच चमकली नाही. आलेख सरळ आला. आपल्या लॅबच्या सरांनी तुझी पाठ थोपटली.

हे 'अश्विनीजी' मला आता छळतं आहे. एरवी तू मला अश्विनी म्हणायचास. वाद संपला की मग हे 'जी'. मला वाटायचं, मी जिंकले की तू चिडवायला म्हणतोस. हे पाच दिवस मी एकेक वाद आठवून बघते आहे. दिव्याची काच तडकली आहे असं तू म्हणालास, मी नाही म्हणाले, तू म्हणालास बरं अश्विनीजी, आणि महिन्याने काच बदलावी लागली. त्या बुरसटलेल्या रसायनाच्या डब्याचंही तसंच झालं. आपलं बरोबर आहे हे पक्कं माहीत असताना सोडून द्यायचं असेल तेव्हाच तू 'जी' म्हणायचास. माझ्या हे सहा वर्षांत लक्षात आलं नाही. मला राग येतो तुझा. ओरडायचं होतंस ना! टेबलावर हात आपटायचा होतास! एकदा तरी म्हणायचं होतंस की अश्विनी, गप्प बस, तुझं चुकतंय.

फ्रीजरमध्ये तुझा एक नमुना आहे. मरायच्या आदल्या सोमवारचा. कुपीवर तुझ्या हातची तारीख. वाटी क्रमांक तीनची थोडीशी पूडही वर कप्प्यात आहे. तू ती फेकली नव्हतीस. बुधवारपासून तीनदा फ्रीजर उघडला आणि तीनदा लावून टाकला.

*

हे इथवर लिहिलं ते काल, रविवारी. आज सोमवार.

सकाळी अकराला गेटवरून फोन आला, "मैडम, मिलिंद सर की माताजी आई हैं." काकू तुझं सामान न्यायला आल्या होत्या. पांढरी साडी, हातात कापडी पिशवी. मी तुझा डबा, स्वेटर, लॅबमधल्या चपला बांधून दिल्या. पिशवी भरली तरी त्या निघेनात. म्हणाल्या, "त्याची खुर्ची कोनती?" मी दाखवली. त्या बसल्या. पाय जमिनीला टेकत नव्हते, तू ती नेहमी उंच करून ठेवायचास. त्यांनी टेबलावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ते हिरवं चमकते म्हने, ते मले कधी दाखोलं नाई त्यानं. उद्या दाखोतो, परवा दाखोतो."

मी नाही म्हणू शकले असते, मिलिंद. दिवा बिघडला आहे म्हणाले असते तर त्यांनी विश्वास ठेवला असता. मी फ्रीजर उघडला.

कुपी वितळेपर्यंत आम्ही दोघी बसून होतो. त्या तुझ्या लहानपणीचं काही सांगत होत्या, माझं लक्ष नव्हतं. मग मी तुझी वाटी विरघळवली, रंग घातला, वरचा दिवा मालवला आणि खालचा जांभळा लावला. अंधार होता. मी तुझा एक थेंब सोडला.

हिरवं झालं. आपण कधी पाहिलं नाही इतकं. काकूंचा चेहरा त्या उजेडात मला स्पष्ट दिसत होता.

"हे कोनाचं?" त्यांनी विचारलं.

"मिलिंदचं."

"अन् ते त्या गाठीनं चमकते?"

"हो काकू."

त्यांनी कुपीवरची नजर काढली नाही. "मंग तुमाले आधी कधी दिसलं नाई?"

आता खोटं बोलायला जागाच नव्हती. मी म्हणाले, "दिसलं होतं. अकरा वेळा दिसलं. मला वाटलं, याची वाटी चुकते आहे. मी ते वगळायला लावलं."

"अन् तो काय म्हने?"

"वाटी बरोबर आहे म्हणायचा. मी भांडले. मग त्याने सोडून दिलं."

मला वाटलं, आता उठून जातील, किंवा माझ्या तोंडात मारतील, आणि मारलीच तर बरं होईल. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते एखादी साधी गोष्ट कळत नसल्यासारखं. म्हणाल्या, "तो असाच व्हता, लहानपनापासून. आपलं खरं असलं तरी भांडाचं नाई त्याले." आणि मग, अगदी हळू, "एवढं एक भांडन तू काहून जितली, बाई?"

मी वरचा दिवा लावला. त्यांना गेटपर्यंत सोडलं, रिक्षात बसवलं, पिशवी मांडीवर ठेवली. रिक्षा वळताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

परत आले आणि नोंदवही उघडली. अकरा ठिकाणचं 'वगळले' खोडलं. पहिल्या पानावर तुझ्या नावापुढे 'निरोगी' लिहिलेलं होतं, तेही खोडलं. सरांना सांगितलं की पेपर परत घ्यायचा आहे, आणि का ते सगळं सांगितलं. ते खुर्चीतच बसून राहिले. तुझी कृती काढून वाटी क्रमांक तीन पुन्हा लावली आहे. काठाला दोन्ही हात ठेवले आहेत, पूर्ण लांबीचे. तुझ्यासारखे स्फटिक मला पडतील की नाही माहीत नाही, दीड महिना थांबावं लागेल.

तुझी खुर्ची खाली केलेली नाही. तू बरोबर होतास, मिलिंद, आणि मी चुकले. ऐकतोयस ना? म्हण की आता, अश्विनीजी.